डावा तळहात

आवाज मोठा नव्हता. वर्गात फळ्यापाशी खडू पडतो, तेवढाच. पण मन्मथ गुरुजींना तो थेट छातीत ऐकू आला. डावा तळहात तसाच पुढे धरलेला होता, मधोमध भस्माचा पांढरा डाग होता आणि डागावर काही नव्हतं. इष्टलिंग खाली पडून पाटाच्या पायाशी जाऊन थांबलं होतं. बेलाचं पान मात्र ओल्या मनगटाला चिकटून राहिलं होतं. त्यांनी आधी लिंगाकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. पलीकडे स्वयंपाकघरात अंबिकाबाई प्रवासासाठी धपाटी थापत होत्या. त्यांच्या बांगड्या एका लयीत वाजत होत्या, आणि ती लय क्षणभर थांबली असं गुरुजींना वाटलं. मग ती पुन्हा सुरू झाली. खाली गल्लीत पाण्याचा टँकर मागे घेताना कुणीतरी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणून ओरडत होतं. समोरच्या क्लासच्या इमारतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे असलेला मोठा फलक होता. अर्ध्या लातुरात असे फलक होते आणि गुरुजींना ते एरवी दिसतही नसत. आज ती सगळी मुलं खिडकीतून आत, त्यांच्या रिकाम्या तळहाताकडे बघून हसत होती.

त्यांनी लिंग उचललं, धुतलं, पुन्हा धुतलं. वरचा काळा लेप एका बाजूला नखाएवढा उडाला होता. अंगठ्याखाली ती जागा खरखरीत लागली. लहानपणी गळ्यात बांधलेलं हे लिंग. तेव्हापासून रोज आंघोळ झाली की ते चांदीच्या डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि मग काही न मागता नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं. पूजा एवढीच. तिला देऊळ लागत नाही, मधे कुणी लागत नाही. देव आपल्याच हातात. म्हणूनच तो हातातून पडला तर बोट दाखवायलाही दुसरं कुणी उरत नाही. निलंग्याला त्यांच्या लहानपणी मलप्पा नावाचे एक दुकानदार होते. पाणी शेंदताना त्यांचं लिंग आडात पडलं. माणसं आत उतरून गाळ उपसत होती आणि मलप्पा काठावर बसून होते, ना पाणी, ना भाकर, ना कुणाशी बोलणं. लिंग सापडलं, वाजतगाजत परत गळ्यात बांधलं गेलं, पण लहान मन्मथाच्या लक्षात राहिला तो मलप्पांचा चेहरा. सगळ्या वर्गासमोर उभं केलेल्या मुलाचा असतो तसा.

हात उन्हाळ्यापासून कापू लागला होता. आधी बशीतला कप वाजायला लागला, मग सदऱ्याच्या गुंड्या लावायला वेळ लागू लागला. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावला, बोटाने नाक शिवायला लावलं आणि म्हणाले, गुरुजी, हा वयाचा कंप आहे, याने काही वाईट व्हायचं नाही. फक्त तुम्ही त्याच्यावर डोळे वटारू नका, वटारले की वाढतो. गुरुजी हसले होते. घरी येऊन त्यांनी पूजेच्या खोलीचं दार लोटून घ्यायला सुरुवात केली. कारण त्यांचा हात ही मठातली सांगण्यासारखी गोष्ट होती. सामुदायिक पूजेला माणसं ओळीने बसायची, तेव्हा आया आपल्या पोरांना हळूच दाखवायच्या, गुरुजींचा हात बघ, समई हलंल पण त्यो हात हलायचा न्हाई. हे वाक्य त्यांच्या कानावर पडलेलं होतं आणि ते त्यांना आवडलेलंही होतं. इतक्या वर्षांत आपण लिंगाकडे किती बघितलं आणि न हलणाऱ्या हाताकडे किती, हा प्रश्न आता लिंग पुसताना मनात आला आणि त्यांनी तो झटकला, कारण तो खरा होता.

आणि हे सगळं नेमकं आजच. उद्या विष्णुपुरीला नातीची दीक्षा होती. रुद्राणी आठ वर्षांची झाली होती, जावई शिवकुमार तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता, आणि संगमेश्वर स्वामींनी फोनवर सांगितलं होतं की लिंग मी बांधतो, मंत्र मी देतो, पण हातावर घेऊन बसायचं कसं ते तिच्या आजोबांनी समोर बसून दाखवावं; त्यांच्यासारखा शिकवणारा कुठला मिळणार. गुरुजींनी लिंग डबीत घातलं, शिवदोरा गळ्यात अडकवला, सदऱ्याच्या आत सारला. छातीवर ते रोजच्यासारखंच टेकलं. त्याला काही झालेलं नव्हतं. जे झालं होतं ते सगळं त्याच्या मागे, सदऱ्याच्या आणि कातडीच्या आत होतं.

आत एक साहेब बसला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केलेल्या कुणालाही हा साहेब समजावून सांगावा लागत नाही. तपासणीच्या दिवशी तो मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसतो, काही बोलत नाही, आणि रोज बागडणारा वर्ग एकदम फोटोसारखा होतो. येणारी गणितं चुकतात, पाठ असलेली कविता अर्ध्यात तुटते. तपासणी संपली की साहेब जीपमध्ये बसून जातो, पोरं पुन्हा पोरं होतात. मन्मथ गुरुजींच्या आतला साहेब कधी गेला नाही. ते जेवत असले की तो म्हणे, घाई करतोस. ते कुणाला काही देत असले की म्हणे, दिसावं म्हणून देतोस. आई गेली तेव्हा रडू उशिरा आलं, तर तेही त्याने टिपून ठेवलं. आणि पूजेत तर तो समोरच येऊन बसे. मन इकडे गेलं, साहेबाने पाहिलं. मन परत आलं, उशीर झाला. बरी झाली पूजा, पण कालच्यासारखी नाही. आज सकाळी हात कापायला लागला तेव्हा साहेब म्हणाला, थांबव. गुरुजींनी बोटं आवळली. साहेब पुन्हा म्हणाला, थांबव. मनगट ताठ झालं, दंड दुखायला लागला, आणि तळहातच उलटा झाल्यासारखा होऊन लिंग खाली गेलं.

अहमदपूर सोडल्यावर एसटी थोडी रिकामी झाली. दोन्ही बाजूला सोयाबीन हिरवंगार पसरलं होतं, मधेच तुरीच्या ओळी. अंबिकाबाईंनी खिडकीची जागा घेतली होती आणि मांडीवरची पिशवी उघडून त्या बराच वेळ नवऱ्याकडे बघत होत्या.

“सकाळधरनं गप बसून राहिलाव. पोट बिघडलं का काय?”

“न्हाई.”

“मग धपाटं खा की.”

“नको.”

“पोटबी बिघडलं न्हाई आन् धपाटंबी नको. मग बिघडलंय काय ते तरी सांगा, मी दुसरं काही बांधून आणते.”

पुढच्या बाकावरची बाई मागे वळून हसली आणि त्या दोघींचं बोलणं सुरू झालं. धपाट्यात काकडी घालतात का, लोह्याला लेक दिली आहे का, कुणाची. अंबिकाबाई ओळख नसलेल्या माणसाशी अशा बोलत की मधेच थांबलेलं बोलणं पुढे चालू केलं असावं. गुरुजी त्यांच्याकडे बघत राहिले. या बाईच्या शेजारी आपण इतकी वर्षं पूजेला बसलो, आणि मनातल्या मनात तिला कायम काठावर पास करत आलो. कारण अंबिकाबाईंची पूजा म्हणजे घरभर उघडी असलेली पूजा. हातावर लिंग, डोळे लिंगावर, आणि तोंडाने शांतपणे म्हणायच्या, तिसरी झाली. म्हणजे कुकरची शिट्टी. दूधवाला आला तर नजर न हलवता सांगायच्या, पातेलं ओट्यावर हाय. एकदा गुरुजींना राहवलं नाही. ते म्हणाले होते, मन कुकरात ठेवून कसली पूजा करतेस. अंबिकाबाईंनी लिंग डबीत ठेवलं, दोरा गळ्यात घातला, आणि म्हणाल्या, “गेलं हुतं कुकराकडं, आलं की परत. आता काय त्याला दारात उभं करू, कुठं गेलतास म्हणून?” त्या उठून कुकर उतरवायला गेल्या होत्या. गुरुजींना तेव्हा हे उत्तर ढिलं वाटलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे आज उत्तर नव्हतं, तो चेहरा होता. पूजेनंतर उठलेला, पाण्याने नुकताच धुतल्यासारखा. आपण पूजेतून उठतो तेव्हा आपला चेहरा कसा असतो? पेपर देऊन बाहेर आलेल्या मुलाचा असतो, हे त्यांना आरशात न बघता ठाऊक होतं. साहेब लगेच म्हणाला, बायकोला कमी लेखत आलास. गुरुजींनी डोळे मिटले. याला काहीही चालतं. याच्यापुढे पश्चात्ताप ठेवला तर हा त्याचेही गुण कापतो.

लोह्याला ती बाई उतरली. अंबिकाबाई खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, “हात लई कापतोय व्हय, आजकाल?”

“वयाचा हाय. डाक्टर म्हणाले न्हाई का.”

“म्हणाले की.” मग धपाट्यांची पिशवी मिटत, “मी कुठं काय म्हणाले.”

विष्णुपुरीच्या फाट्यावर शिवकुमार गाडी घेऊन उभा होता. घर कॉलेजच्या पलीकडच्या वसाहतीत, वरच्या मजल्यावर. गच्चीतून धरणाच्या पाण्याची एक रुंद, राखी पट्टी दिसायची. दारातच रुद्राणीने त्यांना धरलं. तिचा पुढचा दात पडला होता आणि ती प्रत्येक शब्द त्या फटीतून वारा सोडत बोलत होती. लेकीने, सुकन्येने, पाणी दिलं, आईची पिशवी घेतली, “अप्पा, दमलात का,” म्हणून विचारलं. आतून तुळजाबाई, शिवकुमारच्या आई, पदराला हात पुसत आल्या. उदगीरच्या व्यापारी घरातल्या त्या. सणवार, सोवळं, पंगत, सगळं त्यांना तोंडपाठ होतं आणि दुसऱ्यांनाही असावं अशी त्यांची माफक अपेक्षा असे.

“या गुरुजी. तुमची वाट बघून राहिले होते. पोरगी नुसती वळवळी हाय. तुमच्यासारखा हात तिला लागू दे, एवढंच शिवाजवळ मागणं.”

गुरुजींनी डावा हात पाठीमागे घेतला.

चहा झाल्यावर रुद्राणी सुपारी घेऊन आली. खरं लिंग उद्या मिळणार, म्हणून आज सुपारीवर सराव करायचा, हे तिनेच ठरवलं होतं. आतल्या खोलीत चटई टाकून ती मांडी घालून बसली, समोर गुरुजी. “अज्जा, तुम्ही पण घ्या ना सुपारी.” ते म्हणाले, आधी तू दाखव. आणि ती बसली. डाव्या तळहातावर सुपारी, उजवा हात खाली आधाराला, मान थोडी वाकलेली. गुरुजी बघायला लागले आणि हळूहळू त्यांच्यातला जुना माणूस जागा झाला, तो ज्याला पोरांकडे बघताना कधी कंटाळा आला नाही. काय असतो लहान मुलाचा तळहात. रेषा सगळ्या असतात, पण अजून कशाला बांधलेल्या नसतात. सुपारीकडे बघणारे डोळे. मग डोळे पंख्याकडे गेले. पंख्यावरून भिंतीवरच्या पालीकडे. पाल हलेपर्यंत तिथेच राहिले. मग सुपारीकडे परत आले, आणि आले तेव्हा त्यांत कसलीही शरम नव्हती, अंगणात जाऊन आलेलं मूल घरात येतं तसे आले. मधे तोंड थोडं उघडं राहिलं. सुपारी हातावर कलंडली, तिने हात तिरका केला, सुपारी दुसरीकडे गेली, तिला गंमत वाटली, तिने हात पुन्हा तिरका केला, आणि सुपारी टुणकन चटईवर पडून कपाटाखाली गेली.

रुद्राणीने वर पाहिलं. आणि गुरुजी म्हणाले, “असू दे. काढ. पुन्हा बघ.”

ती कपाटाखाली हात घालून शोधत होती तेव्हा ते वाक्य खोलीत तसंच राहिलं. हे वाक्य ते जन्मभर बोलत आले होते. किल्लारीकडच्या एका शाळेत, पत्र्याच्या वर्गात, पाटीवरचा ‘ळ’ सतरांदा उलटा काढणाऱ्या पोराला. बेरीज पुसून पुसून पाटीला भोक पाडेल अशा पोरीला. लघवी झाली म्हणून बाकाखाली लपलेल्याला. असू दे. पूस. पुन्हा काढ. ते आवाज चढवत नसत, कारण त्यांना दिसायचं की आवाज चढला की पोराचं लक्ष अक्षरावरून उठून मास्तराच्या तोंडावर जातं, आणि मास्तराच्या तोंडाकडे बघत कुणालाही अक्षर येत नाही. ही गोष्ट त्यांना इतकी पक्की माहीत होती की नव्या शिक्षकांना ते सांगायचे, पोराला चुकताना बघा, पण तुम्ही बघताय हे त्याला टोचू देऊ नका. इतक्या पोरांना. मग त्या सगळ्या वर्षांत, त्याच सदऱ्याच्या आत, एक मूल होतं त्याला हे कुणी म्हणालं का? गुरुजींना आपलाच आवाज कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा ऐकू आला. मऊ, घाई नसलेला, थोडा घोगरा. या माणसाच्या वर्गात मला बसायला आवडलं असतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना कसंतरीच झालं. डोळ्यांत पाणी आलं, आणि साहेब काही बोलायच्या आत ते खाली उतरलंही.

“सापडली,” रुद्राणी म्हणाली. सुपारीला धूळ लागली होती. तिने ती फ्रॉकला पुसली. मग काही आठवून तिचा चेहरा बारीक झाला. “अज्जा, पण उद्या खरं पडलं तर?”

दारात तुळजाबाई उभ्या होत्या, हातात दुर्वा-बेलाचं ताट. “तसलं बोलू नाही गं. पडत नसतं.”

गुरुजींनी नातीकडे पाहिलं. ‘पडत नाही’ म्हणणं सोपं होतं. उद्या ती जन्मभराची वस्तू हातात घेणार होती आणि तिच्या तळहातावर पहिली ठेवली जाणारी गोष्ट हीच असणार होती, एक खोटं. ते म्हणाले, “पडतं कधीकधी. माझं आज सकाळी पडलं.”

ताट हातात तसंच राहिलं. “अगं बाई,” तुळजाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “आन् हे तुम्ही आता सांगून राहिले गुरुजी?” त्यांचा आवाज ऐकून सुकन्या आली, शिवकुमार आला, मागून अंबिकाबाई आल्या. गुरुजींनी डबी उघडून लेप उडालेली जागा दाखवली. दाखवताना हात कापत होता आणि आता तो लपवायला पाठीमागे जागा नव्हती.  मग तुळजाबाईंनी ताट खाली ठेवलं आणि त्या जड आवाजात, पण वाईट हेतू न ठेवता म्हणाल्या, “गुरुजी, राग मानू नका. पोरीचा पहिला दिवस हाय. उद्याचं शिवकुमारच दाखवील.”

“मला कुठं येतं, आई?” शिवकुमार म्हणाला. “मी तर उभ्या उभ्या उरकतो. एक डोळा घड्याळावर.”

“स्वामींना तरी विचारा.”

शिवकुमारने तिथूनच फोन लावला. बोलणं थोडंच झालं. फोन ठेवून तो म्हणाला, “लेप पुन्हा देतो म्हणाले, उद्या सोबत आणतील. आणि विचारलंय, गुरुजींच्या हाताला काही लागलं नाही ना.”

“मी ऐकलं हुतं सकाळी,” अंबिकाबाई म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे वळले. “भिंत काय कापसाची हाय? ठक्क झालं. मला वाटलं सांगतील, सांगतील. गाडीत धपाटं पुढं केलं, हात कापतोय का म्हणलं, तरी न्हाई. पेपरात नापास झालेल्या पोरावानी बसले हुते.” त्या चटईच्या कडेला टेकल्या. “माझं तर मागं गव्हाच्या डब्यात पडलं हुतं. दोरा कुजलेला. दळण काढताना गेलं, मला पत्ताच न्हाई. मग गळा हलका लागला म्हणून बघितलं. अख्खा डबा पातळावर वतला, हुडकलं, धुतलं, नवा दोरा घातला.”

“कधी?” गुरुजींनी विचारलं.

“तुमी मठात गेलता. हात दाखवायला.”

सुकन्येला हसू आवरलं नाही. तुळजाबाईही हसू दाबत पुटपुटल्या, विहीणबाई म्हणजे कमाल हाय. गुरुजी मात्र बायकोकडे बघतच राहिले. त्या टोमण्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना ती ओट्याजवळ फतकल मारून बसलेली दिसत होती, पातळावर गव्हाची रास, बोटं दाण्यांतून फिरताहेत. घाबरली असेल. घाबरलीच असणार, तिला काय भक्ती कमी आहे. पण त्या घाबरण्याच्या वर तिने दुसरं काही रचलं नाही. लिंग सापडलं आणि ती उठून दळण घेऊन गेली. एवढं साधेपणाने पुढे जाणं कसं जमतं माणसाला? एखादी उंच चाल चांगल्या गळ्यातून सहज निघते तेव्हा ऐकणारा नुसता मान हलवतो, तसं त्यांना झालं.

“दाखवू द्या त्यांनाच,” अंबिकाबाई तुळजाबाईंना म्हणत होत्या. “कापरा हात बघितला तर पोरीचं काय बिघडतंय? तीबी कवातरी म्हातारी हुईलच की.”

 तुळजाबाईंनी गुरुजींकडे पाहिलं, आणि गुरुजींना कळलं की आता नको म्हटलं तर सगळे ऐकतील, कुणी दोष देणार नाही, आणि हीच वाट साहेबाला सगळ्यात आवडेल. ते म्हणाले, “मी बसतो. जसा आहे तसा बसतो. तुम्हाला चालत असेल तर.”

“बसा,” तुळजाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने ताट उचलताना त्यांनी पुस्ती जोडली, “पण खाली सतरंजी जाड टाकू. फरशीवर नको.”

सकाळी घरभर भस्माचा आणि उदाचा वास होता. संगमेश्वर स्वामींनी गुरुजींच्या लिंगाला काळा लेप दिला, तो वाळेपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, मग रुद्राणीच्या कपाळावर भस्माच्या रेघा ओढल्या, कानात मंत्र सांगितला, आणि तिच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. तिचा चेहरा एकदम मोठ्या माणसाचा झाला. “आता आजोबांकडे बघ,” स्वामी म्हणाले आणि मागे सरले.

गुरुजी समोर बसले. लिंग हातावर घेतलं. भस्म. बेल. हात कापायला लागला. साहेब म्हणाला, थांबव. रोजच्यासारखी बोटं आवळायला निघाली होती, आणि गुरुजींनी त्यांना अडवलं नाही, नुसतं पाहिलं की बोटं आवळायला निघाली आहेत. असू दे. बोटं थोडी पुढे जाऊन सैल झाली. हात कापत होता. कंप मनगटाच्या आतून यायचा, तळहाताच्या गादीतून जायचा, लिंगाच्या काळ्या पाठीवर उदबत्तीचा उजेड त्याने हलायचा. इतक्या वर्षांत तो उजेड त्यांनी पाहिला नव्हता, कारण हात हलत नव्हता. बारीक, न थकणारा, पाण्यावर असतो तसा. साहेब म्हणाला, सगळे बघताहेत. खरंच बघत असतील. तेही ऐकू आलं, आणि त्याच्या पलीकडे स्वयंपाकघरात वाजलेलं भांडं, गच्चीवरचं कबूतर, तुळजाबाईंचा धरून ठेवलेला श्वास, खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला मारलेली लाथ. साहेबाचं बोलणं त्या आवाजांतलाच एक आवाज होतं. तो उठून गेला नाही. त्याला कुणी जा म्हणालंही नाही. मागच्या खुर्चीवर एक म्हातारा, वर्षानुवर्षं चुका शोधून दमलेला, आणि गुरुजींना पहिल्यांदाच वाटलं की यालाही कुणी पाणी विचारलेलं नाही. मग तेही गेलं. बेलाचं पान कापत कापत कडेला आलं आणि मांडीवर पडलं. पडलं, एवढंच. गुडघा दुखत होता. गुडघा दुखतोय. श्वास येत होता, कुणी ओढल्याशिवाय. लिंग हातावर होतं, हात शरीरावर होता, शरीर सतरंजीवर होतं, आणि या सगळ्याकडे जे बघत होतं त्याच्या हातात पट्टी नव्हती. ते कापत नव्हतं आणि स्थिरही बसलेलं नव्हतं. आभाळ कुठं बसलेलं असतं का, तसं ते होतं. त्याला बघायला काही करावं लागत नव्हतं. इतकं जवळ, आणि आपण आयुष्यभर त्याच्यासमोर परीक्षा देत बसलो, असं वाटून त्यांना हसू आलं, आणि हसल्याने हात जरा जास्त हलला.

किती वेळ गेला ते त्यांना सांगता आलं नसतं. समोरून कुजबुज आली, दाताच्या फटीतल्या वाऱ्यासकट.

“अज्जा. माझं नीट झालं का?”

गुरुजींनी वर पाहिलं. आजवर हजार पोरांनी त्यांना हा प्रश्न विचारला होता आणि त्यांच्याकडे प्रत्येक वेळी उत्तर तयार होतं, पोराने मान वर करायच्या आधी. आता त्यांनी उत्तर शोधलं आणि ते तिथे नव्हतं. आपलं कसं झालं, तेही त्यांना माहीत नव्हतं.

“अगं,” ते म्हणाले, “ते बघायचं राहूनच गेलं.”

रुद्राणीने थोडा विचार केला. मागे अंबिकाबाई तोंडाला पदर लावून होत्या. स्वामी खाली मान घालून बसले होते.

“मग अजून थोडं बसू,” ती म्हणाली, आणि मान पुन्हा तळहाताकडे वाकवली.